पाटावरची चाती

खंडेनवमीला पुजायला पंडित दरवर्षी कारखान्यातून धाग्याला पीळ देणारी एखादी भंगारातली चाती आणायचा. यंदा त्याच्या आईनं, मालतीबाईंनी सुनावलं, "देवाला भंगार दाखवतोस रे?" म्हणून त्यानं चालू मशीनचीच काढून आणली. शेकड्यातली एक, कोण बघतंय?

शेठनं बघितली. दसऱ्याच्या मुहूर्ताला एक जरी चाती कमी असली तर मशीन सुरू करायचं नाही, ही त्याच्या बापापासूनची रीत. सकाळीच त्यानं कारागीर घरी पाठवले आणि पंडितला फोन केला. "पंडितभाई, चाती आण, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

"आई, दे ना ती."

"पाटावर बसलेला देव सांजेशिवाय उठत नाही. सांग तुझ्या शेठला."

"नोकरी जाईल माझी. असं मागितलंस तरी काय त्या चातीकडे?"

"तुला सणाची सुट्टी," म्हणत मालतीबाईंनी पुरणपोळी वाढली.

पंडितनं कपाळाला हात लावला आणि आईचे शब्द तसेच फोनवर शेठला सांगितले. तासाभरात दारात चपला वाजल्या. सुट्टी मिळालेले सगळे कारागीर नारळ घेऊन दर्शनाला आले होते. रांगेत शेवटी शेठ होता. त्याच्या हातात दोन नारळ होते, एक चातीला आणि एक सांजेला सुरू होणाऱ्या मशीनला.