हक्काची मतं

वसुमतीअक्कांच्या राजाजीनगरातल्या गल्लीत सगळी जुनी मराठी घरं, आणि मतदानाला झाडून सगळे हजर. “ती मतं आपलीच,” म्हणून एक पक्ष तिकडे फिरकत नसे, आणि “ती मतं त्यांचीच,” म्हणून दुसरा. दारातलं तुंबलेलं गटार मात्र दोघांचंही नव्हतं.

यंदा अक्का भर किराणा दुकानात मोठ्यांदा म्हणाल्या, “आमच्या गल्लीचं अजून काही ठरलेलं नाही हं!”

आठवडाभरात दोन्ही उमेदवार हात जोडून दारात उभे राहिले, आणि गटार खळखळ वाहू लागलं.

मतदान करून परतताना नवऱ्याने, नरसिंहरावांनी विचारलं, “मग, मत कुणाला दिलंस?”



“दर वेळी देते त्यालाच. पण स्वल्प हळू बोला हो, पुढच्या निवडणुकीला अजून रस्ता करून घ्यायचाय!”