निळ्या घरातलं भूत

त्या दिवशीही इर्माचे वडील, पर्यटकांचे वाटाडे, खुणेसाठी काठीला लाल मोजा बांधून वालपाराइसो बंदराच्या डोंगरावरच्या पायऱ्या चढत होते. मागे शहर बघायला उतरलेले जहाजावरचे प्रवासी. सर्वांत शेवटी, ओळख न दाखवता चालणारी इर्मा. निळ्या घरापाशी वडिलांनी नेहमीची थाप मारली, “या खिडकीत कप्तानाच्या बायकोचं भूत येतं.” खिडकीतून म्हातारी ओफेलिया खेकसली, “मेल्या, मी जिवंत आहे अजून!” प्रवासी खिदळले. इर्माने शरमेने मान फिरवली. दुसऱ्या पहाटे वडील झोपेतच गेले. पुढचं जहाज बंदराला लागलं, तेव्हा काठी इर्माने घेतली. तिने फक्त खरा इतिहास सांगितला. प्रवासी जांभया देऊ लागले. निळं घर ती गुपचूप ओलांडणार, तोच खिडकी उघडली. “ए पोरी, मला विसरलीस? सकाळपासून तोंडाला पीठ फासून बसलेय!” इर्माने मोजा उंचावला. “इथे भूत येतं,” ती मोठ्याने म्हणाली. “माझ्या वडिलांनी स्वतः पाहिलंय.”