ओट्यावरचं पाऊल

लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या बागेत कडुनिंबाभोवतीचा सिमेंटचा ओटा भैयाजींनीच बांधला होता, आणि आज तोच फोडायला शेजारी जमले होते. सिमेंटनं बुंधा आवळला, पावसाचं पाणी मुळांपर्यंत उतरत नाही, हे त्यांच्या लेकीनं, खुशीनं, घरोघरी जाऊन पटवलं होतं. भैयाजींनीही हातोडा उचलला, पण एका कोपऱ्याशी ते अडले. तिथं सिमेंटात इवलंसं पाऊल उमटलेलं होतं. “ओल्या कामात पाय काहून टाकला वं?” असं ओरडून त्यांनी तेव्हा चिमुकल्या खुशीला रडवलं होतं, ते पाऊल बुजवायला मात्र हात धजला नव्हता. “द्या मले, बाबा,” म्हणत खुशीनं तो कोपरा फोडला, खालची माती मोकळी केली, बादलीभर पाणी ओतलं. मग चप्पल काढून चिखलात पाय दाबला. “आता ओरडा,” ती म्हणाली. भैयाजी ओरडायला गेले, पण या वेळी रडू त्यांनाच आलं.