बसलेला आवाज

"या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाजच बसलाय, गिटार रुसलीये माझ्यावर," असं सहा महिने कुरकुरत शेवटी काका बायकोला घेऊन दुकानात आले. चाळीस वर्षं गिटारवर लोकांना नाचवणारा माणूस, सहजासहजी कसला पसंत करतोय! पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरला म्हणाले, "कोंदट." दुसऱ्याला म्हणाले, "याच्या तोंडात बोळा कोंबलाय का?" दुकानदाराने निमूटपणे गिटारची वायर तिसऱ्याला जोडली. "काका, एक मिनिट हं," म्हणत तो मागे वाकला.

काकांनी मात्र डोळे मिटून वाजवायला सुरुवातही केली. लग्नाआधी तिच्यासाठी बसवलेली धून. बोटांवरूनच तिने ती ओळखली. वाजवता वाजवता त्यांचा चेहरा उजळला, डोळे भरून आले.

"ऐकलंस? याला म्हणतात आवाज! हाच घ्यायचा."

दुकानदाराने चपापून तोंड उघडलं. तिने हळूच ओठांवर बोट ठेवलं. मग नवऱ्याला दिसेल अशी मान डोलावत म्हणाली, "अगदी पहिल्यासारखा."

अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग अजून दुकानदाराच्या हातातच होता.