झोपेतली नजर

सकाळी उठलं की डोळे चुरचुरतात म्हणून शालनताई दवाखान्यात गेल्या. डॉक्टर म्हणाले, "झोपेत डोळे उघडे राहतात का, बुबुळं फिरतात का, ते घरातल्यांना विचारून सांगा."

"घरात मी एकटीच असते," त्या म्हणाल्या.

अखेर एका दुपारी त्यांनी शेजारच्या रुबीनाला बोलावलं. पाच वर्षांत दोघींचं बोलणं नळाला पाणी आलं का, एवढंच. "मी झोपते, तू फक्त माझ्याकडे बघत बस," हे सांगताना त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं.

जाग आली तेव्हा रुबीना उशाशीच होती.

"डोळे अर्धे उघडेच असतात तुमचे, काकू. आणि बुबुळं सारखी दाराकडे जातात. कोणी यायचंय का?"

"नाही गं."

रुबीना उठली, तशी शालनताई घाईने म्हणाल्या, "डॉक्टरांना एका दिवसाचं पुरायचं नाही. उद्याही येशील?"