घाटी चढणारी सायकल

साल २०२३. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता आणि कुडाळच्या बाजारात जो तो जावयासाठी काहीतरी घेत होता. कोणी चांदीची वाटी, कोणी कपडे. वालावलच्या मथुराकाकी एसटीतून उतरल्या त्या सरळ निलेशच्या सायकलच्या दुकानात शिरल्या.

"डोंगरात चालवतत ती सायकल होयी," त्या म्हणाल्या. "गिअरची. लय महाग नको."

निलेशने स्टूल पुढे केले. "बसा काकी. कोणाक होयी? नातवाक?"

"नाय रे झिला. मोठ्या माणसाक. तेंका चढार खाली उतरूक लागता कामा नये. बाकी काय नको माका."

निलेशला लगेच उलगडा झाला. अधिक महिना आणि समोर वयस्क बाई. "जावयबापूंका! मजा आसा हां तेंची. आमच्या सासवेन माका अनारश्यांवर वाटेक लावल्यान."

मथुराकाकी हसल्या. पदर सारखा करून त्या रांगेतल्या सायकली पाहू लागल्या.

"वाट कशी आसा?" निलेशने विचारले.

"जांभ्याची. मधी दगड, मधी चिखल. आणि घाटी उभी."

"आणि जावयबापूंचो दम?"

"दमाचोच तर प्रश्न आसा."

"आजकालची माणसा," निलेश समजुतीने म्हणाला.

दारातच एक लालभडक सायकल होती, पुढेमागे दोन्हीकडे स्प्रिंगची. काकींनी तिच्या सीटवरून हात फिरवला. "ही बरी दिसता."

"दिसता बरी," निलेश म्हणाला. दुसरा दुकानदार असता तर तीच गळ्यात मारली असती. "पण ह्या किमतीत दोन्हीकडे स्प्रिंग म्हणजे नुसता लोखंड. चढार ढकलतानाच जीव जायत माणसाचो."

मथुराकाकींनी सीटवरचा हात काढून घेतला.

"ही नको," त्या म्हणाल्या.

मग निलेशने मागून एक करड्या रंगाची काढली. तिला स्प्रिंग फक्त पुढे होती. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, टायर रुंद आणि खाचांचे, ब्रेक डिस्कचे. "उचलून बघा. एकवीस गिअर आसत. मागची मोठी चकती नि पुढची लहान, असो गिअर टाकलो काय घाटी निम्मी होता."

"चढून दाखव."

"मी?"

"मग काय मी चढू?"

दुकानामागे कौलांच्या वखारीकडे जाणारा चढ होता. निलेश सायकल घेऊन वर गेला आणि परत आला. काकी खाली भुरभुर पावसात उभ्या होत्या.

"उतरलंस?"

"नाय."

"खरा सांग. वळणावर पाय टेकलो तुझो."

"टेकलो नाय हो काकी, चिखल उडालो!"

"परत जा."

तिसऱ्या खेपेला निलेश घामाघूम होऊन आला. "आता जावयाक ऱ्हवांदे, सायकल माकाच द्या."

काकी पुन्हा हसल्या, पण डोळे चढावरच होते. "उतरलंस नाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

किंमत आवाक्यातली निघाली. चालवणाऱ्याची उंची त्यांना तोंडपाठ होती, त्यावरून निलेशने सीट वरखाली करून दिली. मग विचारले, "कॅरिअर बसवू?"

"नको. लय ओझा वाह्यला आयुष्यभर, पुरे."

"कुलूप?"

"थंय कोण चोरूचो नाय."

"गाव बरो आसा तेंचो," निलेश म्हणाला आणि पावती फाडू लागला. "पण अधिक संपाच्या आत द्या हां. आठच दिवस ऱ्हवले."

"माका निज श्रावणात होयी. तिथी ठरलेली आसा."

वाढदिवस असेल, असे निलेश धरून चालला. टेम्पोवाल्याला हाक मारून त्याने सायकल दोरीने नीट बांधून दिली.

ती पुढचे कित्येक दिवस काकींच्या पडवीत उभी होती. त्या रोज सकाळी ती पुसत. जेवायला एकच ताट घेत आणि ते घेऊन पडवीत येऊन बसत. संध्याकाळी कधी मागचे चाक उचलून पेडल हाताने फिरवत आणि सोडून देत. चाक एकटेच फिरत राही. बारीक किरकिर घरभर ऐकू येई. ती थांबली की काकी पुन्हा पेडल फिरवत.

निलेशने नंतर कुडाळचे दुकान भावाकडे सोपवून वेंगुर्ल्याला दुसरे काढले. जावयाच्या सायकलीपायी दुकानदाराला तीनदा चढवणाऱ्या सासूची गोष्ट तो अजून गिऱ्हाइकांना रंगवून सांगतो. मथुराकाकी वालावललाच आहेत, एकट्या. त्यांना मूलबाळ झालेच नाही. जावई कुठून असणार?

काकींचे यजमान होते गणपत. पस्तीस वर्षे त्या घाटीतून त्यांनी घरोघर टपाल पोचवले, आणि दोन वर्षांमागे श्रावणात जुनी सायकल चढावर ढकलताना छाती धरून खाली बसले, ते उठले नाहीत. निज श्रावणातली ती तिथी त्यांच्या वर्षश्राद्धाची होती. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर लागेल म्हणून त्या दिवशी कोणी छत्री दान देतात, कोणी वहाणा. मथुराकाकींनी हातावरून पाणी सोडले आणि भटजींना सायकल दिली.