आटे झिजलेली टाकी

हवा भरून देण्याच्या आपल्या दुकानात बाईंनी टाकीतली हवा सोडून पाना लावला, तर व्हॉल्व्ह जोर न लावताच फिरला. पुढे तर नुसत्या हातानेच निघाला. आट्यांवर पांढऱ्या टेपचं जाडजूड वेटोळं होतं.

"हे कुणाचं?"

"माझं. तीन पदर घेतलेत," टाकीचे मालक अभिमानाने म्हणाले. बरोबरचा मेव्हणा त्यांना दाजी म्हणत होता, म्हणून बाईंनीही मनात तेच नाव धरलं. "हवा गळत होती. आता थेंबभर गळत नाही. तुम्ही फक्त आतली रबरी रिंग बदला आणि भरून द्या. उद्या हा हीच पाठीला लावून पाण्यात उतरणार आहे. फोटोग्राफर सांगून ठेवलाय."

पन्नास वर्षांपूर्वीची पाणबुड्याची टाकी. दाजींनी तिला लिंबासारखा पिवळा रंग फासला होता. अशा आणखी चार त्यांच्या दिवाणखान्यात होत्या, हे त्यांनी आल्याआल्याच सांगितलं होतं. त्याआधी 'दुकानाच्या मालकांना बोलवा' म्हणाले होते. 'मालकच बोलतेय,' असं बाईंनी सांगितल्यावरही थोडा वेळ आतल्या दाराकडे बघत राहिले होते.

"हवा अडवते ती रिंग," बाई म्हणाल्या. "आटे व्हॉल्व्हला धरून ठेवतात. तुमच्या टाकीचे आटे गेलेत. व्हॉल्व्ह टेपच्या भरवशावर उभा आहे."

त्यांनी मापाचा पोलादी बोल्ट टाकीच्या तोंडात फिरवला. चांगल्या टाकीत तो पहिल्याच वेढ्याला अडतो. इथे मुठीपर्यंत आत गेला.

"माप जुनं झालं असेल तुमचं," दाजी म्हणाले. "मी याच्यावर बरंच वाचलंय."

बाईंनी बोल्ट पुसला.

"बरं. नवी रिंग घालते. टेपही तुमचीच ठेवते. भरूनही देते. फक्त भरताना तुम्ही शेजारी उभं राहायचं. एक हात टाकीवर."

"तो कशाला?"

बाईंनी वर बोट दाखवलं. पत्र्याला ताटाएवढं ठिगळ होतं. "मागे एक व्हॉल्व्ह तिथून गेला."

दाजींनी ठिगळ नीट पाहून घेतलं. मग घड्याळ पाहिलं.

"मला एक फोन करायचाय," ते मेव्हण्याला म्हणाले. "तू थांब रे जरा शेजारी. पाच मिनिटांचं तर काम आहे."

मेव्हणा पस्तिशीचा, पोहायला शिकवणारा. सकाळपासून तो दाजींच्या प्रत्येक विनोदाला हसला होता. गाडीतून टाकीही त्यानेच उचलून आणली होती.

"उद्या तुम्हीच का नाही घालत ही, दाजी?"

"माझे कान दुखतात पाण्यात. माहितेय ना तुला?"

"आज कोरड्यातच उभं राहायचंय."

दाजींच्या मानेवर लाली चढली. "तू कसा बोललास ते तुझ्या ताईला सांगतो."

"सांगा. मीही सांगणार आहे."

दाजी तरातरा गाडीकडे गेले. टाकी तिथेच राहिली.

"परत येतील," बाई म्हणाल्या, "आणि दुसरीकडे नेतील. न बघता भरून देणारे असतात. मग ही कुणाच्या पाठीवर जाईल, कुणाला ठाऊक."

"मग काय करायचं?"

बाईंनी भिंतीवरची लोखंड कापायची करवत काढून त्याच्या हातात दिली आणि टाकीच्या तोंडावर खडूने आडवी रेघ मारली. "इथून चिरली की पुन्हा कुणालाच व्हॉल्व्ह बसवता येणार नाही." मेव्हणा टाकी घेऊन खाली बसला. पहिल्या दोन-चार घासांत पिवळा रंग सालीसारखा उडाला. खालून तपकिरी गंज निघाला आणि त्याच्या पँटवर सांडू लागला.

बाहेर हॉर्न वाजला. जरा वेळाने पुन्हा, आणखी लांब. मेव्हण्याने टाकी गुडघ्यांत घट्ट आवळली आणि अर्धवट चिरलेल्या आट्यांवर करवत परत टेकवली.